नाथसागराच्या तळाशी

(दृश्य: पैठणच्या जायकवाडी धरणाचा फुगवटा, म्हणजेच नाथसागर, जानेवारीतली सकाळ)

पाण्यावर हे जे काळे ठिपके दिसतायत ना, ते वारकरी पक्षी. मधूनच एखादा बुडी मारतो आणि चोचीत हिरवी दोरी धरून वर येतो. काठावर दुर्बिणी घेतलेली मंडळी त्यांची मोजदाद करतायत. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते, ती अशा हौशी माणसांच्या जिवावरच.

आपण मात्र त्या हिरव्या दोरीकडे बघू.

ती असते हायड्रिला, नाहीतर व्हॅलिस्नेरिया. पाण्याखाली मूळ धरून वाढणाऱ्या या फुलझाडांचे भाऊबंद थेट समुद्रात आहेत. हॅलोफिला हे समुद्री गवत याच कुळातलं. तमिळनाडूजवळ पाल्कच्या उपसागरात समुद्री गवताची कुरणं आहेत, तिथे समुद्रगाय चरते.

(दृश्य: रेखाचित्र, टेप आणि चौकट)

अशा कुरणांवर लक्ष ठेवायला ऑस्ट्रेलियात १९९८ साली ‘सीग्रास-वॉच’ सुरू झालं. ओहोटी लागली की स्वयंसेवक उतरतात, ५० मीटरचा टेप अंथरतात आणि ठरलेल्या अंतरावर ५० सेंटिमीटरची चौकट ठेवतात. चौकटीतली किती टक्के जमीन गवताने झाकली, जात कोणती, पानं किती लांब, खाली वाळू की गाळ, सगळं वहीत. अंदाज नमुना छायाचित्रांशी ताडायचा, म्हणजे दोघांच्या आकड्यांत फार फरक पडत नाही. वरून एक फोटो. शास्त्रज्ञ असायची गरज नाही.

हे नाथसागरात व्हायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं. या झाडोऱ्यात माशांची पिल्लं लपतात, मुळांनी गाळ धरला जातो. तो बेसुमार माजला तर जाळी अडकतात, हेही खरं. म्हणून तर तो कुठे वाढतोय, कुठे सरतोय, हे कळायला हवं.

अडचण पाण्याची आहे. समुद्राची ओहोटी काही तासांत परतते. नाथसागराची दिवाळीनंतर लागते आणि पावसाळ्यापर्यंत चालते. जानेवारीत जिथे होडी तरंगते, तिथे उन्हाळ्यात कोरडी गाळपेर जमीन असते. मग काठावरून मोजून खूण ठेवण्यात अर्थ नाही. धरण पूर्ण भरतं तेव्हा पातळी १५२२ फूट असते, आणि रोजची पातळी जाहीर होते. त्या दिवशीची पातळी आणि होडीखालची खोली लिहिली, की तळ किती उंचीवर आहे ते निघतं. पुढच्या वर्षी त्याच उंचीवर बघायचं.

गढूळ पाण्यात चौकट दिसणार नाही. तिथे दोरीला बांधलेलं दाताळं टाकायचं, ओढायचं, दातांत काय आलं आणि किती, ते नोंदवायचं. तळ्यांच्या अभ्यासात ही पद्धत रुळलेली आहे.

(दृश्य: होडी, जाळी आवरणारे हात)

सुरुवात कुठून करायची, ते पैठणच्या भोई बांधवांना विचारावं. कुठल्या भागात जाळ्याला काय लागतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? येत्या जानेवारीत पक्षी मोजणाऱ्यांच्या होडीत एक दाताळं ठेवा. आणि वहीत पाच रकाने आखा: ठिकाण, पातळी, खोली, जात, प्रमाण.