इजिप्तचे देव आणि सराफाचा काटा

(बुलढाणा जिल्ह्यातल्या एका गावी, सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, खामगावच्या शेजारात राहणाऱ्यांना चांदी ओळखायला शिकवावं लागत नाही. पण अनुबिस या इजिप्तच्या कोल्हेमुखी देवाची चांदीची चकती ऑनलाइन मागवली की भल्याभल्यांचा हिशोब चुकतो. या चकतीला ‘राउंड’ म्हणतात. ती खासगी टांकसाळीत पडते, तिच्यावर चलनी किंमत नसते, म्हणून ती नाणं नव्हे.

नेहमीचा राउंड एक ट्रॉय औंसाचा: 31.10 ग्रॅम, शुद्धता 999 (म्हणजे हजारात 999 भाग चांदी), व्यास साधारण 39 मिलिमीटर. चांदीच्या किलोच्या भावाला 32.15 ने भागा, तेवढ्या पैशांची त्यात चांदी. वरचे पैसे चित्राचे, आणि 3 टक्के जीएसटी. मोडायला नेलं की हे वरचे पैसे सराफ धरत नाही. त्याला ते वितळवायचंय. चित्र अनुबिसचं काय अन् मांजरीचं काय, त्याला सारखंच. तेव्हा चित्र तरी पैशाजोगं आहे का, ते बघून घ्या.

सगळ्यात जास्त दिसतो तो मेल्यानंतरच्या न्यायनिवाड्याचा देखावा. एका पारड्यात मेलेल्याचं हृदय, दुसऱ्यात सत्याची देवी ‘मात’ हिचं पीस. अनुबिस काटा बघतो, आयबिस पक्ष्याच्या तोंडाचा थोथ निकाल लिहितो, आणि बाजूला अम्मित टपून बसलेली: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. अम्मित गाळलेली आणि पीस पिंपळपानासारखं असेल, तर कारागिरानं कथा वाचलेली नाही. चित्रलिपीही तपासा. माणसं-पक्षी ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात. एकाच ओळीत तोंडं चहूकडे असतील तर ती नुसती नक्षी. तिचे जास्त पैसे देऊ नका.

चांदीचा मान मात्र खोटा नाही. देवांचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची, असं प्राचीन इजिप्तचे लोक मानत. इजिप्तमधल्या तानिस इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञ प्येर मोंते यांना 1940 साली राजा सुसेनेस पहिला याची चांदीची शवपेटी मिळाली.

आता पारख. दहापट भिंगातून अनुबिसच्या नाकाचा शेंडा आणि कानांची टोकं बघा. ठसा कमी दाबानं पडला तर उंच भाग चपटे राहतात. बारीक छिद्रं, बोथट अक्षरं, कडेला सांध्याची रेघ दिसली, तर माल ओतीव नक्कल समजा.

मग पाण्याची परीक्षा. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. राउंड शिलाईच्या दोऱ्यानं पूर्ण बुडवा; तळाला, काठाला लागू देऊ नका. एक औंसाच्या राउंडला आकडा 2.97 ग्रॅमच्या आसपास यावा; हे त्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. त्याच वजनाचं तांबं असेल तर 3.47 येईल. बुडबुडे चिकटले की आकडा फुगतो आणि खरा मालही खोटा ठरतो. बोटानं पुसून पुन्हा बघा. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं एक्सआरएफ यंत्र फक्त वरचा थर वाचतं, जाड मुलामा त्याला फसवतो. म्हणून दोन्ही करा.

ठेवायचं कुठे? संत्र्यावर, मिरचीवर मारायचं गंधक ज्या खोलीत असतं तिथे मुळीच नको. गंधकानंच चांदी काळवंडते. रबरबँड, पीव्हीसीची पिशवीही नको. मापाची अ‍ॅक्रिलिक डबी घ्या. ‘अँटिक’ राउंडच्या खाचांतला काळेपणा मुद्दाम आणलेला असतो. चिंच-राख लावली, किंवा सोनाराकडे उजळायला दिला, की तो जातो. आणि घेणारा संग्राहक मग चांदीच्या भावावरच अडून बसतो.