पोन एल पार्ते : स्पॅनिश बोलण्यातून कळणारं वय

[दृश्य : माद्रिदमधल्या जुन्या इमारतीतलं स्वयंपाकघर. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आलेत. टेबलावर मसुराची वाफाळती वाटी, पाव.]

निवेदन :

स्पेनमध्ये दुपारचं जेवण उशिरा होतं, आणि तीनच्या ठोक्याला टीव्हीवर बातम्या सुरू होतात. आजी हातातला चमचा खाली न ठेवता नातवाला सांगते, "पोन एल पार्ते." पार्ते लाव रे. नातू मुकाट्याने बातम्या लावतो. त्याला शब्द कळतो, पण त्याच्या स्वतःच्या तोंडी तो कधी येणार नाही. तो 'नोतिथियास' म्हणेल, 'तेलेदियारिओ' म्हणेल. बातम्यांना 'पार्ते' म्हणणारं माणूस भेटलं, की त्याचं वय विचारायची गरज उरत नाही.

पार्ते म्हणजे खबर, अहवाल. 'पार्ते दे गेर्रा' म्हणजे आघाडीवरून येणारं युद्धपत्रक. 1936 ते 1939 या यादवी युद्धाच्या वर्षांत लोक रेडिओला कान लावून बसत ते या पत्रकासाठी. कुठलं गाव पडलं, आघाडी कुठवर आली, आपला मुलगा ज्या बाजूला आहे तिकडे काय चाललंय, सगळं त्यातूनच कळायचं. हे युद्ध जिंकून पुढे देशाचा हुकूमशहा झालेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूचं सरकारी रेडिओ केंद्र, 'रादिओ नाथिओनाल', 1937च्या जानेवारीत सालामांका शहरात सुरू झालं ते ऐन युद्धातच. आणि 1 एप्रिल 1939 रोजी फेर्नांदो फेर्नांदेथ दे कोर्दोबा या निवेदकाने शेवटचं पत्रक वाचलं. त्याचा शेवट चार शब्दांचा होता : 'ला गेर्रा आ तेर्मिनादो'. युद्ध संपलं आहे.

युद्ध संपलं, पार्ते मात्र संपलं नाही. पुढची जवळपास 40 वर्षं देशातल्या प्रत्येक रेडिओ केंद्राला ठरलेल्या वेळी सरकारी बातम्याच लावाव्या लागत. स्वतःच्या बातम्या द्यायला खासगी केंद्रांना मनाई होती. ही सक्ती उठली 1977मध्ये, फ्रँकोच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. तोवर कुठलंही केंद्र लावा, आवाज एकच. मग लोकांनी जुनंच नाव का सोडावं? 1950 साली जन्मलेल्या मुलाने तोफ ऐकलेली नव्हती, पण घरात बातम्या सुरू झाल्या की मोठी माणसं "गप्प बसा, पार्ते लागलंय" म्हणायची. युद्धातला शब्द असा जेवणाच्या टेबलावर येऊन बसला.

टीव्ही आला 28 ऑक्टोबर 1956ला. दुसरी वाहिनी 1966मध्ये सुरू झाली, आणि ती दिसायची 'यूएचएफ' लहरींवर. म्हणून आजही काही आजोबा त्या वाहिनीला 'एल ऊ-आचे-एफे' म्हणतात. ही अक्षरं कशाची, हे त्यांच्या नातवंडांना ठाऊक नसतं.

[दृश्य : बाजारपेठेतलं जुनं वाणसामानाचं दुकान. पाटीवर 'उल्त्रामारिनोस'. संग्रहातली रेशन कार्डं.]

आता एक असा शब्द, ज्याच्या पोटात भूक आहे. एस्त्रापेर्लो.

त्याची सुरुवात जुगारातून झाली. स्ट्राउस आणि पेर्लोवित्झ या दोन परदेशी इसमांनी एक विजेवर चालणारं रूलेट आणलं. दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून त्याचं नाव ठेवलं 'स्त्रापेर्लो'. चेंडू कुठे थांबणार हे यंत्र चालवणाऱ्याच्या हातात होतं. ते बसवायला परवानगी मिळावी म्हणून राजकारण्यांना पैसे चारले गेले, 1935मध्ये प्रकरण फुटलं आणि सत्तेतला रॅडिकल पक्ष त्यात बुडाला. ते यंत्र इतिहासजमा झालं, पण त्याचं नाव लबाडीला चिकटून राहिलं.

चारच वर्षांनी देशात रेशन आलं. तेल, साखर, पीठ, पाव, सगळं कार्डावर. 1939 ते 1952 अशी ती वर्षं. कार्डावर मिळायचं ते पुरायचं नाही, म्हणून बाकीचं 'दे एस्त्रापेर्लो' घ्यावं लागे, म्हणजे काळ्या बाजारात. मोठे व्यापारी त्यात गबर झाले. रेल्वेच्या डब्यात कपड्यांखाली पिठाची पुरचुंडी बांधून आणणाऱ्या गरीब बायकाही त्याच नावाने ओळखल्या गेल्या आणि पकडल्याही गेल्या. आज एखादी नव्वदीची बाई हा शब्द उच्चारते तेव्हा तिचा आवाज थोडा खाली येतो. पावाचा तुकडा खाली पडला तर तो उचलून त्याचं चुंबन घेणारी हीच पिढी.

त्या गबर झालेल्यांसाठीही लोकांनी एक शब्द घडवला. 'आयगा' म्हणजे मोठी, डोळ्यांत भरणारी मोटार. गोष्ट अशी सांगतात : नवश्रीमंत गिऱ्हाईक दुकानात शिरतं आणि म्हणतं, तुमच्याकडे असेल ती सगळ्यात मोठी गाडी द्या. 'असेल' यासाठी शुद्ध रूप 'आया', पण तो अशिक्षित बोलीतलं 'आयगा' वापरतो. खिशात पैसा, पण तोंडात व्याकरण नाही. उपाशी लोकांनी उगवलेला हा सूड स्पॅनिश अकादमीच्या कोशातही जाऊन बसला आहे. आता ती मोटारही दिसत नाही आणि शब्दही क्वचितच ऐकू येतो.

रात्रीच्या पहारेकऱ्याचा, 'सेरेनो'चा शब्द तेवढा जड नाही. गल्लीतल्या इमारतींच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. उशिरा घरी येणाऱ्याने टाळी वाजवली की तो "येतो, येतो" म्हणत काठी आपटत यायचा. पूर्वी हे पहारेकरी तास आणि हवामान ओरडून सांगत : बारा वाजले, आकाश निरभ्र! निरभ्र म्हणजे 'सेरेनो', म्हणून हे नाव. माद्रिदमधले पुष्कळ सेरेनो अस्तुरियासमधल्या कांगास देल नार्थेआ या एकाच डोंगराळ भागातून आलेले असत. 1970च्या दशकात ते रस्त्यांवरून दिसेनासे झाले. 'मला सेरेनोच्या शिट्टीएवढीही किंमत देत नाहीत' अशा अर्थाचा वाक्प्रचार मात्र अजून टिकून आहे.

[दृश्य : दोरीवर वाळत घातलेलं, पुढून बटणं असलेलं लोकरी जाकीट.]

संध्याकाळी गार वारा सुटला की आई मागून हाक मारते, "रेबेका घेऊन जा!" रेबेका म्हणजे पुढून बटणं लावायचं पातळ स्वेटर. हिचकॉकच्या 1940च्या 'रेबेका' चित्रपटात नायिका असे स्वेटर घालते, आणि स्पेनमधल्या बायकांना ते इतके आवडले की चित्रपटाचंच नाव स्वेटरला मिळालं. गंमत अशी, की त्या नायिकेला अख्ख्या चित्रपटात नावच नाही. रेबेका ही नायकाची वारलेली पहिली बायको, आणि ती पडद्यावर एकदाही दिसत नाही. न दिसलेल्या बाईचं नाव स्पेनमधल्या घराघरांतल्या कपाटांत टांगलेलं आहे. तरुण मुली आता 'कार्दिगान' म्हणू लागल्या आहेत.

[दृश्य : तळहातावर तांब्याचं झिजलेलं नाणं.]

पण वय खरं उघडं पडतं ते पैशांची भाषा सुरू झाल्यावर.

1868मध्ये पेसेता हे देशाचं चलन झालं. 1870मध्ये 5 आणि 10 सेंतिमोंची (100 सेंतिमो म्हणजे 1 पेसेता) तांब्याची नाणी आली. त्यांवर ढाल धरून उभा असलेला सिंह होता. कोरणाऱ्याने सिंह कोरला, पण लोकांना ती कुत्री दिसली. झालं! 10 सेंतिमोंचं नाणं 'पेर्रा गोर्दा', म्हणजे जाडी कुत्री, आणि 5चं 'पेर्रा चिका', म्हणजे छोटी कुत्री. 1940नंतर ॲल्युमिनियमची नवी नाणी निघाली, त्यांवर घोडेस्वार होता. लोक त्यांनाही कुत्रीच म्हणत राहिले. राजवट बदलते, नाण्यावरचं चित्र बदलते. बाजारात भाजी विकणारी बाई त्या नाण्याला काय म्हणणार हे कुठल्याच टांकसाळीला ठरवता येत नाही, याचा मला फार आनंद वाटतो. आजही वादाला कंटाळलेला म्हातारा हात झटकून म्हणतो, "पारा ती ला पेर्रा गोर्दा." घे बाबा ती जाडी कुत्री तुलाच. म्हणजे, तुझंच खरं. आणि 'नो तेंगो नी उना पेर्रा' म्हणजे माझ्याकडे फुटकी कवडी नाही.

त्याहून पक्की खूण म्हणजे 'दुरो'. 5 पेसेता म्हणजे 1 दुरो. जुनी माणसं हिशेब पेसेतात करतच नसत. 100 पेसेतांना ती '20 दुरो' म्हणत, 500ला '100 दुरो'. मनातली गुणाकाराची सारी पाठांतरं पाचाच्या पाढ्यावर उभी. मग 1 जानेवारी 2002ला युरो आला. 1 युरो म्हणजे 166.386 पेसेता. पन्नास वर्षं दुरोंत विचार केलेल्या माणसाला मासळीवाल्यापुढे उभं राहून हा भागाकार करायचा होता. दोन महिन्यांत पेसेता व्यवहारातून गेला, पण जुन्या नोटा बदलून घ्यायची मुदत 30 जून 2021पर्यंत होती. शेवटच्या दिवसांत बँक ऑफ स्पेनच्या दाराशी रांगा लागल्या. आजोबांच्या कोटाच्या खिशात, जुन्या पुस्तकात, बिस्किटाच्या डब्यात सापडलेल्या नोटा घेऊन लोक उभे होते. तरी दीड अब्ज युरोंहून जास्त किमतीचे पेसेता परत आलेच नाहीत.

[दृश्य : 1960च्या दशकातला रेकॉर्ड प्लेयर. मग 1980च्या दशकातलं माद्रिद, रंगवलेले केस, गिटार.]

बोलीभाषेतले तरुणाईचे शब्द सगळ्यात लवकर म्हातारे होतात. साठच्या दशकात घरी जमून नाचण्याला 'ग्वातेके' म्हणत, आणि रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राला 'पिकू', इंग्रजी 'पिकअप'वरून. पुढे माद्रिदच्या पोरांनी म्हाताऱ्या माणसाला 'कार्रोथा' म्हणायला सुरुवात केली. शब्दशः रथ, जुनी घोडागाडी. आज 'कार्रोथा' म्हणणारा स्वतःच साठीच्या पुढचा असतो. 1984मध्ये माद्रिदचे महापौर एन्रिके तिएर्नो गाल्वान, साठी उलटलेले प्राध्यापक, रॉक संगीताच्या मेळाव्यात पोरांच्या भाषेत ओरडले होते, "आल लोरो!" म्हणजे कान उघडे ठेवा. सभागृह दणाणलं होतं. त्या सभागृहातली पोरं आज निवृत्त होत आहेत.

त्याच काळातला 'चाची' हा शब्द आपल्याला अगदी जवळचा आहे. चाची म्हणजे मस्त, झकास. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या ताब्यातल्या जिब्राल्टरहून चोरून येणाऱ्या अस्सल मालावर चर्चिलचं नाव असायचं, त्यावरून हा शब्द आला असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. ही केवळ दंतकथा. शब्द आला तो खितानो, म्हणजे स्पेनमधल्या जिप्सी लोकांच्या 'कालो' बोलीतून. या लोकांची स्पेनमधली पहिली लेखी नोंद 1425ची, आणि त्यांची मूळ रोमानी भाषा भारतातली. रोमानीत 'चाचो' म्हणजे खरा. संस्कृत 'सत्य', प्राकृत 'सच्च', आणि आपल्या ओव्यांतला 'साच' याच घरातले. स्पेनमध्ये पोराला 'चावाल' म्हणतात, तेही कालोतलं 'चावो', मुलगा. मराठीतला 'छावा' त्याचा सख्खा भाऊ. ज्या लोकांची भाषा कायद्याने बंद करू पाहिली, ज्यांची 1749च्या जुलैमध्ये देशभर धरपकड झाली, त्यांचेच शब्द स्पेनच्या पोरांनी कौतुकासाठी निवडले.

[दृश्य : कास्तियामधलं छोटं गाव. विटांच्या भिंतीवर रंगाने लिहिलेली मोठी अक्षरं.]

स्पेनमध्ये थेट वय विचारायचं नसेल तर विचारतात, "तू कुठल्या किंतातला?" किंता म्हणजे पाचवा हिस्सा. 18व्या शतकात गावातल्या तरुणांतून चिठ्ठ्या टाकून सैन्यासाठी पोरं निवडत, पाचातला एक. निवडला गेला तो 'किंतो', आणि एका वर्षी निवडलेल्या पोरांची तुकडी म्हणजे 'किंता'. 19व्या शतकात 1500 पेसेता भरून श्रीमंताचा मुलगा सुटायचा; गरिबाचा जायचा. 1938मध्ये फ्रँकोविरुद्ध लढणाऱ्या प्रजासत्ताक सरकारने सतरा-अठरा वर्षांची मुलं आघाडीवर पाठवली, त्यांना 'किंता देल बिबेरोन' म्हणतात, दुधाच्या बाटलीची तुकडी. त्यांतली पुष्कळ एब्रो नदीकाठच्या लढाईत कामी आली.

सक्तीची लष्करी सेवा 2001च्या अखेरीस बंद झाली. चिठ्ठ्या गेल्या, बराकी गेल्या. तरी अनेक गावांत त्या वर्षी अठराची होणारी मुलं अजून 'किंतोस'चा सण करतात. आता त्यांत मुलीही असतात. सगळे एकसारखे सदरे शिवून घेतात, रात्रभर गावभर फिरतात, आणि पहाटे गावाच्या वेशीवरच्या भिंतीवर रंगवतात : 'व्हिवान लोस किंतोस', आणि त्याखाली आपलं जन्मवर्ष. जुन्या वर्षांचे रंग उडत आलेत, पण शेजारी शेजारी वाचता येतात. 58. 71. 85. सगळ्यात नव्या वर्षाचा रंग अजून ओला आहे.