यादीबाहेरचं गिऱ्हाईक

(दृश्य: सकाळ. नागपूरचं कळमना मार्केट. संत्र्यांचे ढीग, लिलावाची गडबड.)

अडत्याच्या मोबाइलवर मेल येतच असतात. कर्ज घ्या, विमा काढा, बक्षीस लागलंय, पार्सल अडकलंय. त्याच गर्दीत बांगलादेशातला एखादा नवा खरेदीदार संत्र्याचा भाव विचारत असतो. ती एक मेल हुकली, तर ट्रकभर माल दुसऱ्याच्या नावावर जातो.

नको त्या मेलचा हा उपद्रव जुना आहे. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या अमेरिकी विक्री अधिकाऱ्यानं संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या संगणकजाळ्यावरच्या, सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. लोक भडकले. तरी १९८२ मध्ये मेल पाठवण्याचे नियम ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याचं नाव खरं की खोटं हे तपासायची सोय त्यात नव्हतीच.

(दृश्य: धरमपेठ. घराची गॅलरी, टेबलावर लॅपटॉप.)

एक उपाय व्हाइटलिस्टचा. यादीत नाव असेल त्याचीच मेल आत, बाकी सगळी बाजूला. इथल्या निवृत्त शिक्षिकेला तो पुरतो: बँक, पेन्शन, पुण्यातला मुलगा, चार मैत्रिणी. पण यादीही जपावी लागते. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यावर न्यायला सांगितलं. त्यासोबत बँकेचा मेलचा पत्ता बदलला, की खरी मेलही यादीबाहेर पडते.

अडत्याचं तर यादीवर भागतच नाही. यादीत नसलेला माणूस हाच त्याचा उद्याचा धंदा.

(दृश्य: सीताबर्डी. दुकानाचा काउंटर, बिल निघतंय.)

दुसरा उपाय कामापुरत्या पत्त्यांचा. बर्डीवर बिल करताना मेल मागतात, तेव्हा जीमेलच्या आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि ‘बर्डी’ असा शब्द जोडून द्यायचा. मेल येते नेहमीच्याच खात्यात. पण उद्या त्याच पत्त्यावर विम्याची जाहिरात आली, तर पत्ता कुठून फुटला ते लगेच कळतं. मात्र बरेच फॉर्म हे चिन्ह घेतच नाहीत, आणि चिन्हापुढचा भाग खोडून मूळ पत्ता काढणं कुणालाही जमतं. म्हणून ॲपलची २०२१ पासूनची ‘हाइड माय ईमेल’ किंवा ‘फायरफॉक्स रिले’ ही सोय बरी. तिथे आपल्या नावाचा मागमूस नसलेला पत्ता मिळतो. त्रास झाला की तेवढाच बंद करायचा.

डोकेदुखी यातही आहेच, राजेहो! दोन वर्षांनी पासवर्ड विसरला, की कोणता पत्ता कुठे दिला होता ते शोधत बसा. त्यातून जीमेलच्या तशा पत्त्यावर आलेल्या मेलला नेहमीसारखं उत्तर दिलं, की मूळ पत्ता समोरच्याच्या हाती.

(दृश्य: पुन्हा कळमना. अडत्याचं ऑफिस.)

आम्हाला विचाराल तर अडत्यानं दोन पत्ते ठेवावेत. पाटीवरचा, कार्डावरचा पत्ता सगळ्यांना खुला. तिथला कचरा रोज चाळायचा, स्पॅमच्या फोल्डरसकट, कारण नवं गिऱ्हाईक तिथेही जाऊन पडतं. दुसरा फक्त बँक आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचा. त्याला व्हाइटलिस्ट लावायची. यादी चार ओळींची, त्यामुळे सांभाळणं सोपं. यादीबाहेरची मेल डिलीट मात्र करू नये, वेगळ्या लेबलखाली टाकावी आणि बाजार बंद असेल त्या दिवशी एकदा उघडून बघावी.