फिर्याद दिल्यानंतरचं घर

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली फिर्याद नोंदवली की बाहेरच्यांना वाटतं, आता पोलीस बघतील. घराची खरी परीक्षा मात्र त्या दिवसापासून सुरू होते. मी आज बोलणार आहे ते या घराबद्दल.

आरोपी बरेचदा ओळखीतलाच असतो. घरातलाच असला, तर कमावता माणूस तुरुंगात, सासरचे म्हणतात केस मागे घे, घरमालक खोली रिकामी करायला सांगतो. मी पाहिलेली एक आई धुणीभांडी करायची. पोलीस ठाणं, दवाखाना, कोर्ट या फेऱ्यांत तिची कामं सुटली. एफआयआरची प्रत ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची आणि कुणी काही विचारलं की ती पिशवीच पुढे करायची. त्या कागदात काय लिहिलंय, ते तिला कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं. अशा घरातल्या पोरीने पुढे जबाब फिरवला, की आपण पोरीला दोष देतो. चूल पेटत नसेल तर ती जबाबावर ठाम कशाच्या जोरावर राहील?

२०१२चा पोक्सो कायदा आणि त्याचे २०२०चे नियम यांत या घरासाठी बरंच काही आहे. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने सपोर्ट पर्सन देते. हा माणूस तपासापासून खटल्यापर्यंत सोबत राहतो: तपास कुठवर आला, आरोपीला जामीन मिळाला का, पुढची तारीख कधी, हे घरच्यांना समजेल अशा भाषेत सांगतो. सपोर्ट पर्सनची गरज आहे की नाही हे पालकांच्या मर्जीवर सोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितलं. मला ते अगदी पटतं. धक्का बसलेल्या आईला ‘तुम्हाला मदत हवी का?’ विचारलं, तर ती ‘नको’च म्हणणार.

जबाब मुलाच्या घरी किंवा मूल म्हणेल तिथे घ्यायचा, पोलिसांनी गणवेश घालायचा नाही, वैद्यकीय तपासणीला आई-वडील किंवा मुलाच्या विश्वासातलं माणूस जवळ हवं. हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं.

पैशांचं फारसं कुणाला माहीत नसतं. अन्न, कपडे, प्रवास अशा तातडीच्या गरजांसाठी समिती मदतीची शिफारस करू शकते, आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्याच्या आत ती रक्कम द्यायची असते. शिवाय एफआयआर झाल्यावर विशेष न्यायालय अंतरिम भरपाईचा आदेश देऊ शकतं. निकालाची वाट पाहायची गरज नाही. महाराष्ट्रात २०१३पासून अत्याचार झालेल्या स्त्रिया-मुलांना आर्थिक मदत देणारी मनोधैर्य योजनाही आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात वकील फुकट मिळतो.

इथे अंगणवाडीताई आणि शिक्षिका बसल्या आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. अशा घरी गेलात तर काय घडलं ते मुलाला पुन्हा सांगायला लावू नका. आईला बाजूला घ्या आणि एवढंच विचारा: समितीपुढे गेलात का, सपोर्ट पर्सन मिळाला का, घरात आज शिधा आहे का? उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथेच बसून तिच्यासमोर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर लावा.