वाघिणीतला दगड

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जगातला कोळसा : खाणीपासून चुलीपर्यंत’. जगाकडे येतो, आधी कोराडी रोडवर थोडं थांबू. तुम्ही नागपूरकर. वेकोलिचं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं, मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या तुमच्या गच्चीवरून दिसतात, आणि मे महिन्यातला कूलर कशावर चालतो हे तुम्हाला सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपण कोळसा वाहत नाही, दगड वाहतो.

नोकरीतली पहिलीच दोन वर्षं. एका वीज केंद्रातून तक्रार आली, कोळशाच्या वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, दगड निघाले. साहेबांनी मला पाठवलं, कारण मी नवा होतो आणि माझ्याकडे स्कूटर होती. तिथल्या केमिस्टनं टेबलावर पेपर अंथरून त्यावर एक दगड मांडला होता. नऊ किलोचा. सोबत चिठ्ठी : ‘आपली वस्तू परत न्यावी.’ (हशा) हसू नका, पोचपावतीवर सही घेतली माझी! पायांमध्ये दगड ठेवून उन्हात घरी आलो. ऑफिसात नेला तर साहेब म्हणाले, हा आपल्या खाणीतला कशावरून? खाणीत जागा नाही, केंद्रात जागा नाही. शेवटी सौभाग्यवतींनी धुऊन लोणच्याच्या बरणीवर ठेवला. चाळीस वर्षं कैऱ्या दाबतोय. जगातला कुठलाच कोळसा इतका टिकला नसेल. (हशा)

पण गंमत सोडा. तो दगड डोळ्यांना दिसला म्हणून परत आला. न दिसणाऱ्याचं काय? एका रेकमध्ये, म्हणजे अख्ख्या मालगाडीत, साधारण ५८ वाघिणी. राख, म्हणजे कोळसा जळून उरणारी माती, ३५ टक्के धरा, आपल्याकडे ती त्याहून जास्तही असते, म्हणजे वीसेक वाघिणी निव्वळ राख. तिचं रेल्वेभाडं भरायचं आणि जाळून झाली की पुन्हा तिलाच केंद्राच्या राखेच्या तळ्यात नेऊन टाकायचं!

हे कोणाचं पाप? फार जुनं आहे. आपला कोळसा गोंडवाना काळातला, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. झाडपाला पाण्यानं वाहत येऊन गाळासकट साचला, असं मानतात. माती कणाकणांत मुरलेली. आणि त्या कोळशाच्या थरांवर जो वाळूचा खडक सापडतो, त्याला भूशास्त्रात नाव काय? कामठी! जगभरातले भूशास्त्रज्ञ ते नाव घेतात, आणि आपल्याला कामठी म्हटलं की छावणी आठवते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बरं, जग. चीन एकटाच जगातला निम्म्याहून जास्त कोळसा काढतो, तोही बहुतेक भूमिगत. लाँगवॉल पद्धत : दोनतीनशे मीटरच्या भिंतीवर यंत्र कोळसा खरवडत फिरतं, वर हायड्रॉलिक टेकू असतात, टेकू पुढे सरकले की मागचं छत पडू द्यायचं. आपल्या जुन्या खाणींत खांब सोडत जायचं, पोकळीत नदीची वाळू भरायची. आता आपलं नव्वद टक्क्यांवर उत्पादन ओपनकास्टमधून, म्हणजे उघड्या खाणींतून येतं, म्हणून आधी वरची माती उपसा. अमेरिकेत वायोमिंगला थर जाडजूड, उथळ आणि राख कमी. नशीब लागतं! जर्मनीत लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, काढायला चाकाला बादल्या लावलेलं इमारतीएवढं यंत्र. पोलादासाठीचा कोकिंग कोळसा आपण मुख्यतः ऑस्ट्रेलियाकडून घेतो, तिथून तो धुऊन येतो.

धुणं म्हणजे साबण नव्हे. पाण्यात मॅग्नेटाइटची पूड कालवून ते जड करायचं, कोळसा तरंगतो, दगड बुडतो. आपला कोळसा अर्धवट तरंगतो, त्यामुळे धुताना बराच चांगला मालही जातो. तरी खाणीपासून लांबच्या वीज केंद्रांना राख ३४ टक्क्यांखाली हवी, असा नियम होता. २०२० साली तो काढला. त्यावर बोलायचं होतं, पण अध्यक्ष घड्याळ दाखवतायत.

दगड पिशवीत आणलाय, बरणीवर आज वरवंटा ठेवून आलोय. चहाच्या वेळी बघा. उचलताना जरा सांभाळून.