वाटणी: युटिल-लिनक्सचं घर वेगळं होताना

[काळी स्क्रीन. कर्सर लुकलुकतोय. कुणीतरी टाइप करतं: कॅल. एंटर. खाली उत्तर: कमांड नॉट फाउंड.]

नुसतं कॅलेंडर बघायचं होतं हो. वर्षानुवर्षं बोटांना सवय, टर्मिनल उघडायचं, कॅल मारायचं, महिना समोर. आणि लिनक्सचंच एक रूप असलेलं डेबियन 11, म्हणजे 2021 चं बुल्सआय, नवीन टाकलं तर कॅल नाहीच. डिलीट नव्हतं झालं, वेगळं राहायला गेलं होतं. आधी बीएसडीमेनयुटिल्स नावाच्या एका पॅकेजात (एकदम इन्स्टॉल होणारा फाइलींचा गठ्ठा) कॅल, कॉलम, हेक्सडंप, कॅलेंडर सगळे एकत्र नांदत होते, मग कॉलम आणि हेक्सडंप बीएसडीएक्स्ट्रायुटिल्समध्ये गेले, कॅल गेलं एनकॅलमध्ये, आणि जुन्या नावाचं उरलं एक पोकळ पॅकेज, दारावरच्या पाटीसारखं.

[फोल्डरची लांबलचक यादी वर सरकतेय.]

पण मोठं घर म्हणजे युटिल-लिनक्स, लिनक्सच्या पायाभूत कमांडचा संच. माउंट, एफडिस्क, एलएसबीएलके, डीमेसेज, शंभरेक कमांड असतील. सोर्स कोड आजही एकच आहे बरं का, कारेल झाक 2006 पासून ते सांभाळतायत, वाटणी होते ती डिस्ट्रोवाल्यांच्या, म्हणजे डेबियनसारखं तयार लिनक्स बांधून देणाऱ्यांच्या, पॅकेजिंगमध्ये, एकाच सोर्समधून दहा पॅकेजं काढायची. (गंमत म्हणजे कोअरयुटिल्सचा, फाइल कॉपी करण्यासारख्या मूळ कमांडच्या संचाचा, प्रवास बरोबर उलटा, फाइलयुटिल्स, टेक्स्टयुटिल्स, शेलयुटिल्स असे तिघं वेगळे होते ते एकत्र येऊन 2003 मध्ये कोअरयुटिल्स 5.0 निघालं.)

वाटणी करायचीच कशाला? कंटेनरमुळे, म्हणजे एकाच मशीनवर वेगवेगळ्या बंद डब्यांत चालणाऱ्या छोट्या सिस्टिममुळे. कंटेनरला स्वतःची डिस्कच नसते, तिथे पार्टिशन पाडायला एफडिस्क ठेवून करायचं काय? म्हणून एफडिस्क, सीएफडिस्क, एसएफडिस्क असे तिघं वेगळ्या पॅकेजात गेले, 2019 च्या डेबियन 10, बस्टरपासून ते तसेच आहेत. मदरबोर्डवरचं घड्याळ लावणारं एचडब्ल्यूक्लॉक 2023 च्या डेबियन 12, बुकवर्ममध्ये युटिल-लिनक्स-एक्स्ट्रात गेलं, आणि रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला घड्याळाचं मॉड्यूल जोडणारी मंडळी डोकं खाजवत बसली की कालपर्यंत चालणारी कमांड गेली कुठे.

[सातबाऱ्याचा कागद. मग शेतातून जाणारी पायवाट.]

आता खरी मेख. युटिल-लिनक्सवर डेबियनमध्ये 'इसेन्शियल' असा शिक्का आहे. म्हणजे हे पॅकेज प्रत्येक मशीनवर असणारच, त्यामुळे बाकीच्यांनी आपल्या डिपेंडन्सीत, म्हणजे आपल्याला लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीत, त्याचं नाव लिहायची गरजच नाही, तसा नियमच आहे. ऐकायला छान वाटतं. पण आपल्याकडे शेतातली वहिवाट असते ना, तीन पिढ्या सगळे त्या बांधावरून बैलगाडी नेतात, सातबाऱ्यावर कुठेच नोंद नाही आणि कुणाला कधी गरजही वाटलेली नसते, मग वाटणी होते, कुंपण पडतं, आणि त्या दिवशी कळतं की या वाटेवर अर्धं गाव अवलंबून होतं. तसंच हे. एखाद्या पॅकेजच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये कोपऱ्यात कुठेतरी एसएफडिस्क वापरलंय, लिहिलेलं कुठेच नाही, मग शोधायचं कसं? सगळ्या पॅकेजांच्या आत शिरून शोधायचं, बग नोंदवायचे, त्या त्या मेंटेनरने डिपेंडन्सी लिहिली की मगच फाइल हलवायची. कोड कापायला एक संध्याकाळ पुरते, ही नोंदणी महिनोन्‌महिने चालते, आणि तिचं कौतुक कुणी करत नाही.

[टर्मिनल. अपग्रेड चालू आहे, मध्येच लाल ओळ.]

फाइल हलवणं पण सरळ नाही. नवीन पॅकेज तीच फाइल घेऊन येतं, जुनं अजून तिथेच बसलेलं, आणि पॅकेजं बसवणारं डीपीकेजी हात वर करतं: 'ट्राइंग टु ओव्हरराइट', ही फाइल तर दुसऱ्याच्या नावावर आहे. म्हणून नव्या पॅकेजात दोन ओळी लिहाव्या लागतात, ब्रेक्स आणि रिप्लेसेस, पुढे व्हर्जन नंबर, की या नंबरच्या आधीचं जुनं पॅकेज माझ्याबरोबर चालणार नाही आणि त्याच्या फाइली मी घेतोय. तो नंबर एका अंकाने चुकला तरी लाल ओळ हजर.

आणि सगळं बरोबर लिहूनही एक जागा राहतेच. बुकवर्ममध्येच सिस्टमडीमधून (मशीनच्या सर्व्हिस चालवणारं पॅकेज) रिझॉल्व्ड, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून पत्ता काढणारी सर्व्हिस, वेगळ्या पॅकेजात गेली. अपग्रेड करताना हे नवं पॅकेज आपोआप येत नाही, रिलीज नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय, पण रिलीज नोट्स वाचतो कोण! मग रिझॉल्व्ड वापरणाऱ्याचं काय होतं बघा.

[क्लोजअप: कीबोर्डवरची बोटं.]

अपग्रेड झालं, मशीन रीस्टार्ट. समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड पिंग, तिला आकडी पत्ता देऊन बघा: पिंग 1.1.1.1, चालतंय. पिंग डेबियन डॉट ऑर्ग, नाही चालत. उपाय काय तर सिस्टमडी-रिझॉल्व्ड इन्स्टॉल करा. पण ते उतरवायला डेबियनच्या सर्व्हरचा पत्ता लागतो, आणि पत्ता काढणारा तर घर सोडून गेलाय. शेवटी रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, म्हणजे पत्ता कुणाला विचारायचा ते जिथे लिहितात ती फाइल बघायची, तर ती फाइल नाहीच, नुसती लिंक आहे आणि पलीकडे काही नाही. लिंक उडवायची, तिथे हाताने एक ओळ लिहायची, नेमसर्व्हर 1.1.1.1, सेव्ह.

[अ‍ॅप्ट इन्स्टॉल. दोन सेकंद काहीच नाही. मग डाउनलोडचे आकडे पळायला लागतात.]