अधिक आणि फुली

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून आधी एक विनंती. घरात मुलांची चौकटीची वही असेल तर तिचं एक पान घ्या. एका घरात अधिकची खूण काढा, तिच्यावरच फुली मारा. पुढच्या घरात पुन्हा तेच. ओळ संपेपर्यंत हात अवघडतो, आणि शेवटची खूण पहिलीसारखी येत नाही.

शांघायचे चित्रकार दिंग यी १९८८ पासून हेच करत आले आहेत. अधिक आणि फुली, बस्स.

त्यांचा जन्म १९६२ चा, शांघायमधलाच. तरुणपणी ते खेळण्यांच्या कारखान्यात वेष्टनांची डिझाइनं करायचे. छापखान्यात वावरलेल्यांना ठाऊक असेल, रंगीत छपाईत एकावर एक चढणारे रंग नेमके जुळावेत म्हणून कागदाच्या कडेला अधिकची एक खूण छापतात. काम झालं की ती कडा कापून टाकतात. दिंग यींनी तीच खूण उचलली. तेव्हा चीनमधले तरुण चित्रकार चित्रांतून मोठमोठे विचार मांडत होते. यांना मात्र काहीही न सांगणारी खूण हवी होती. मला हे फार धाडसाचं वाटतं.

सुरुवातीला ते पट्टी लावून रेघा मारत. पुढे पट्टी बाजूला ठेवली आणि हाताची थरथर चित्रात येऊ दिली.

मला सर्वांत जवळची वाटतात ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनची चित्रं. कॅनव्हासऐवजी त्यांनी बाजारातलं चौकड्यांचं कापड ताणून बसवलं, आपल्या शर्टाला असतं तसंच. चौकट मागावरच आखून आलेली. दिंग यी तिच्या रेषा धरून खुणा भरत जातात. दुरून नुसती रंगांची झिलमिल दिसते, रात्रीच्या शांघायच्या दिव्यांसारखी. जवळ जावं तर एकेक खूण सुटी होते: इथे रंग दाट बसलाय, तिथे ब्रश कोरडा पडत आलाय, आणि मधूनच मूळ कापडाची पट्टी डोकावते. घाईने पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

अलीकडे ते लाकडी फळीवर रंगांचे थर चढवतात आणि खुणा कोरून काढतात. पातं वरवर फिरलं तर लगेचच्या थराचा रंग दिसतो, दाब वाढला की त्याच्या खालचा. आणखी थोडा जोर लागला, तर थेट लाकूडच उघडं पडतं.